चौथ्या डिव्हिजनमध्ये खेळलेला माणूस पोराला काय शिकवणार?

तुमचा प्रश्न असा आहे. मुलगा तेरा वर्षांचा, मिडफिल्डमध्ये बरा खेळतो, आणि पुण्यात तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. एका ठिकाणचा मुख्य कोच एकेकाळी गाजलेला खेळाडू. दुसऱ्या ठिकाणचा कोच खालच्या डिव्हिजनमध्ये दहा-बारा वर्षं खेळला, पेपरात कधी फोटो आला नाही, पण गेली पंधरा वर्षं फक्त मुलांनाच शिकवतोय. तुमचे मेहुणे म्हणतात, ‘जो स्वतः वर पोचला नाही, तो पोराला काय पोचवणार?’ मी इंग्लंडात मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून तुम्हाला माझं मत हवंय.

मेहुण्यांना दुखवायचं नाही, पण निदान या देशात तरी हे गणित बऱ्याचदा उलटं सुटलंय. त्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण माझ्या घरापासून अर्ध्या तासावर जन्मलं, म्हणून तेच सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. सतरा वर्षं झाली, वेस्ट यॉर्कशरमध्ये राहतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ मैदानावर जाते. मधली सहा वर्षं एका खालच्या डिव्हिजनच्या क्लबच्या अकादमीत अर्धवेळ कोच होतो. इथून जवळच, हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला काल्डर नदीच्या खोऱ्यात, कापडगिरण्यांच्या पट्ट्यात एक छोटं गाव आहे. इंग्रजी स्पेलिंग बघून त्याचं नाव कुणालाच वाचता येत नाही. इथले लोक ‘मायदमरॉइड’ म्हणतात. तिथे ५ फेब्रुवारी १९३८ला एरिक हॅरिसन जन्मले.

हे नाव तुमच्या मेहुण्यांनी ऐकलेलं नसणार. बेकहम, गिग्ज, स्कोल्स, गॅरी नेव्हिल, निकी बट ही मात्र नक्की ऐकली असतील. ही सगळी पोरं सोळा-सतरा वर्षांची असताना मँचेस्टर युनायटेडमध्ये रोज सकाळी ज्याच्या हाताखाली होती, तो माणूस हॅरिसन. आणि हा माणूस स्वतः काय खेळला होता? आयुष्यात एकदाही पहिल्या किंवा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये नाही. हॅलिफॅक्स टाउन, हार्टलपूल्स युनायटेड, बॅरो, साउथपोर्ट. १९५७पासून पुढची पंधरा वर्षं तिसरी आणि चौथी (म्हणजे सगळ्यात खालची) डिव्हिजन, लीगच्या पाचशेहून अधिक मॅच.

या चार क्लबांबद्दल एक गोष्ट सांगितली की ती दुनिया कशी होती ते कळेल. चारही क्लब कधी ना कधी फुटबॉल लीगमधून, म्हणजे या चार डिव्हिजनच्या स्पर्धेतूनच, बाहेर फेकले गेले. त्या काळी चौथ्या डिव्हिजनमधल्या शेवटच्या चार क्लबांना उन्हाळ्यात बाकीच्या क्लबांपुढे जाऊन ‘आम्हाला परत घ्या’ असा अर्ज करावा लागे आणि त्यावर मतदान होई. बॅरो १९७२मध्ये असाच गेला, त्याच्या जागी हेरफर्ड आला. साउथपोर्ट १९७८मध्ये गेला, विगन आला. हॅलिफॅक्स १९९३मध्ये आणि हार्टलपूल २०१७मध्ये घसरून बाहेर पडले, पण तोवर मतदान बंद होऊन पॉइंटांवर जायची पद्धत आली होती. बॅरोला परत यायला २०२० उजाडलं, म्हणजे ४८ वर्षं. हॅरिसन ज्या ड्रेसिंगरूममध्ये मोठे झाले तिथे ‘पुढच्या वर्षी आपण असू का?’ हा प्रश्न खेळाडूला तर होताच, क्लबलाही होता.

पैशाचंही ऐका. १९६१च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडात फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायला बंदी होती, मग तो कितीही मोठा असो. ती मर्यादा उठली तेव्हा फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळाले. हॅलिफॅक्सच्या विंग-हाफला त्यातलं काय मिळणार? खालच्या डिव्हिजनमधले कित्येक जण उन्हाळ्यात मिळेल ते काम करायचे.

विंग-हाफ ही जागा आता नकाशावरून गेली. जुन्या मांडणीत बॅक आणि फॉरवर्ड यांच्या मध्ये दोघं असत, चार आणि सहा नंबरचे. समोरच्याच्या पायातून बॉल काढायचा आणि आपल्यातल्या जास्त चांगल्या खेळाडूला नीट द्यायचा, एवढंच काम. टाळ्या दुसऱ्याला मिळायच्या. कोच होण्यासाठी याहून चांगली शिकवणी मला तरी माहीत नाही. दोन्ही दिशांना बघावं लागतं, आणि आपल्याला जे जमत नाही ते कुणाला जमतंय हे सतत हेरावं लागतं.

हार्टलपूल्सचा एक धागा मला फार आवडतो (तेव्हा नावाच्या शेवटी तो ‘स’ होता). १९६५च्या ऑक्टोबरमध्ये तिथे नवा मॅनेजर आला. वय ३०, नाव ब्रायन क्लफ, सोबतीला पीटर टेलर. पुढे डर्बी काउंटीला इंग्लंडचं आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला लागोपाठ दोनदा युरोपचं विजेतेपद मिळवून देणारी हीच जोडी. हार्टलपूल्समध्ये मात्र इतकी तंगी होती की क्लफनी स्वतः टीमची बस चालवायचं लायसन्स काढलं. हॅरिसन त्या टीममध्ये होते, क्लफपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी लहान. तिथून ते बॅरोला गेले आणि पहिल्याच मोसमात, १९६७मध्ये, बॅरो चौथ्यातून तिसऱ्या डिव्हिजनमध्ये चढला. खेळाडू म्हणून त्यांच्या आयुष्यातला सणाचा दिवस म्हणायचा तर तोच.

खेळणं संपल्यावर कोचिंग. आधी एव्हर्टन, मग १९८१मध्ये मॅनेजर रॉन ॲटकिन्सननी त्यांना मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघासाठी आणलं. पहिल्याच मोसमात त्यांची पोरं एफए युथ कपच्या (क्लबांच्या युवा संघांची इंग्लंडातली स्पर्धा) फायनलला गेली आणि वॉटफर्डकडून दोन मॅच मिळून ७–६ अशी हरली. त्या संघात मार्क ह्यूज आणि नॉर्मन व्हाइटसाइड होते. व्हाइटसाइड त्याच उन्हाळ्यात सतराव्या वर्षी वर्ल्ड कप खेळला आणि त्याने पेलेचा सर्वात लहान खेळाडूचा विक्रम मोडला. १९८६मध्ये पुन्हा फायनल, पुन्हा हार, तीही मँचेस्टर सिटीकडून. त्या नोव्हेंबरात ॲलेक्स फर्ग्युसन मॅनेजर म्हणून आले, त्यांनी पोरं हेरणाऱ्या स्काउटांचं जाळं वाढवलं आणि मग चांगल्या पोरांचा ओघ सुरू झाला. कप हातात आला १९९२मध्ये. म्हणजे अकराव्या मोसमात. एका मोसमात मुलात फरक दिसला नाही की अकादमी बदलणारे पालक मी दरवर्षी बघतो, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

आता हा माणूस मैदानावर कसा होता ते.

युनायटेडचा सराव तेव्हा सॉलफर्डमधल्या ‘द क्लिफ’वर चाले. मैदान घरांना लागून, आणि एका बाजूच्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली, तिची खिडकी मैदानाकडे. हॅरिसन कधीकधी तिथून बघत. पोराने चूक केली की वरून काचेवर ठकठक. मोठी चूक असेल तर ठकठक मोठी. त्या पिढीतल्या बहुतेक खेळाडूंनी नंतर हे सांगितलंय, आणि सांगताना अजूनही त्यांचे कान टवकारलेले वाटतात. खिडकी बंद, त्यामुळे शब्द ऐकू येत नाहीत. वर बघायचं धाडस नाही. आपलं काय चुकलं हे ज्याने त्याने स्वतःच शोधायचं. हे त्यांनी ठरवून केलं की पायऱ्या उतरायचा कंटाळा होता, देव जाणे; पण सूचना जितकी अर्धवट तितकं पोर जास्त विचार करतं, हे मी माझ्या मुलांवर करून बघितलंय.

दुसरी गोष्ट ‘हॉलिवूड पास’ची. सोळा-सतराव्या वर्षी बेकहमला चाळीस-पन्नास मीटरचे लांब पास मारायची भारी हौस. बॉल हवेतून असा जायचा की बघणारा ‘वा!’ म्हणणार. हॅरिसन त्यावर खवळायचे: सिनेमातले पास नकोत, जवळचा माणूस मोकळा आहे, त्याला दे. आता गंमत बघा. पुढे बेकहम जगाला माहीत झाला तो त्याच लांब पासांसाठी, आणि १९९६च्या ऑगस्टमध्ये विंबल्डनविरुद्ध तर त्याने आपल्या अर्ध्या मैदानातूनच गोल मारला. मग हॅरिसन चुकले का? मला नाही वाटत. लांब पास पोराला येत होताच, तो शिकवायची गरज नव्हती. कधी मारायचा नाही, हे शिकवायचं होतं. उपजत येणाऱ्या गोष्टीला लगाम घालायचा आणि तरी ती मारून टाकायची नाही, यात कोचचा खरा कस लागतो. बडा खेळाडू कोच झाला की इथेच अडकतो असा माझा अनुभव आहे. त्याला स्वतःला ते कसं येत होतं हे त्याला कधी उलगडून बघावं लागलेलं नसतं. मग तो करून दाखवतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि सगळे घरी जातात.

ही पोरं तेव्हा सरकारी युवा प्रशिक्षण योजनेत होती. पहिल्या वर्षी आठवड्याला साडेएकोणतीस पौंड, वर सिनियर खेळाडूंचे बूट घासायचे, ड्रेसिंगरूम झाडायची. मॅचेस लँकशर लीगमध्ये, युनायटेडच्या ‘ए’ आणि ‘बी’ संघांतून, पावसात, पाच-पन्नास माणसांपुढे. दुसऱ्यांना हा वनवास वाटला असता. हॅरिसनसाठी ते चौथ्या डिव्हिजनपेक्षा बरंच होतं.

१९९२ची फायनल क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. लंडनमध्ये ३–१, ओल्ड ट्रॅफर्डवर ३–२, एकूण ६–३. युनायटेडने हा कप त्याआधी १९६४मध्ये जिंकला होता, जॉर्ज बेस्ट होता तेव्हा. एक दुरुस्ती इथेच करतो, कारण ही चूक सगळीकडे छापली जाते: ‘क्लास ऑफ ९२’मध्ये (या पिढीला पुढे पडलेलं नाव) धरला जाणारा पॉल स्कोल्स त्या फायनलमध्ये खेळलाच नव्हता, फिल नेव्हिलही नव्हता. स्कोल्स लहानखुरा, दम्याचा त्रास असलेला. तो पुढच्या वर्षीच्या संघात आला, आणि त्या वर्षी ते फायनलला लीड्सकडून हरले. फिल नेव्हिल १९९५च्या विजेत्या संघाचा कॅप्टन. अंगापिंडाने मागे राहिलेल्या पोराची वाट बघितली गेली, हे मला कपापेक्षा मोठं वाटतं. तेरा वर्षांच्या मुलाच्या बापाने तर हे भिंतीवर लिहून ठेवावं.

१९९५च्या ऑगस्टमध्ये ही पोरं ॲस्टन व्हिलाकडून ३–१ हरली तेव्हा टीव्हीवर ॲलन हॅन्सन म्हणाले, पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. त्या मोसमात युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. १९९९च्या बार्सिलोनातल्या युरोपियन फायनलला बेकहम, बट, गिग्ज आणि गॅरी नेव्हिल पहिल्या अकरात होते. स्कोल्सवर बंदी होती म्हणून तो बाहेर. हे सगळं तुम्हाला माहीत असेल, म्हणून लांबवत नाही.

ज्याबद्दल लोक कमी बोलतात ते सांगतो. त्याच पिढीतली बाकीची पोरं. बेन थॉर्नली, ज्याला अनेक जण गिग्जच्या तोडीचा समजत, त्याचा गुडघा १९९४च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह मॅचमध्ये गेला. रॉबी सॅव्हेजला युनायटेडने सोडलं, तो क्रूला गेला आणि तिथून पुन्हा वर चढला. कीथ गिलेस्पी न्यूकासलला गेला. काही नावं तर आज कुणाला आठवणारही नाहीत. सगळ्यात चांगल्या पिढीतही सगळे पोचत नाहीत. आणि खालच्या डिव्हिजनच्या माणसाची खरी किंमत मला कळली ती इथे, तीही माझ्या चुकीमुळे.

अकादमीतलं माझं पहिलंच वर्ष. इथे मोसम संपताना ‘रिटेन्ड लिस्ट’ निघते: कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं. आमच्या पेठेत, तालमीच्या संघात, पोरगं खेळायचं थांबलं तरी ते पेठेचंच राहतं. गणपतीला तिथेच असतं, शाहू स्टेडियमवर तिथलाच झेंडा धरतं. इथे मे महिन्यात एक पत्र येतं आणि दुसऱ्या दिवसापासून जर्सी दुसऱ्याची. माझ्या गटातला चौदा वर्षांचा एक विंगर सोडायचा ठरला होता. पत्र जायच्या आधी मी त्याच्याशी बोलायचं होतं. मला धीर होईना. मंगळवारचं मी गुरुवारवर ढकललं. पत्र बुधवारीच पोचलं.

गुरुवारी पोरगं सरावाला आलं. बूट स्वच्छ पुसलेले. आईने पत्र वाचलं होतं, पण त्याला सांगितलं नव्हतं. ती गाडीतच बसून राहिली. त्याने मला विचारलं, ‘कोच, पुढच्या मोसमात मी अंडर-१५ला ना?’

माझी बोलती बंद झाली. आमच्याबरोबर एक साठीचे गृहस्थ होते, खालच्या दोन डिव्हिजनमध्ये साडेतीनशे मॅच खेळलेले, तीन क्लबांनी तीनदा सोडलेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. पोराला बाजूला घेतलं, बॉलच्या पिशवीवर शेजारी बसवलं, दहा मिनिटं बोलले. काय बोलले ते मी आजवर विचारलेलं नाही. मग त्याच्या आईशी बोलले. आणि पुढच्या आठवड्यात स्वतः तीन क्लबांना फोन लावले, ‘डावा पाय चांगला आहे, वळायला वेळ लावतो, पण ऐकतो’ असं नेमकं वर्णन करून. पोरगं एका क्लबात लागलं, आज नॉन-लीगमध्ये, म्हणजे त्या चार डिव्हिजनच्याही खाली, खेळतंय, नोकरी सांभाळून. मी त्या गृहस्थांना म्हटलं, तुम्हाला हे कसं जमतं? ते म्हणाले, ‘मला तिघांपैकी एकानेही फोन केला नव्हता.’

ज्याला कधी कुणी सोडलंच नाही अशा माणसाकडून मी हे बघितलेलं नाही. होत असेलही, मी बघितलेलं नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकतर्फी बोलतो. हॅरिसनना आयती पोरंही तशीच मिळाली होती. गिग्ज हॅरिसनशिवायही गिग्जच झाला असता, असं मला वाटतं. खालच्या डिव्हिजनचा प्रत्येक माणूस चांगला कोच होत नाही. काही जण स्वतःचा कडवटपणा पोरांवर काढतात, ‘मला संधी मिळाली नाही’ हे दर सरावाला ऐकवतात. तसा असेल तर लांब राहा. आणि मोठा खेळाडू चांगला कोच होतच नाही, असंही नाही. हॅरिसनच्याच बरोबर त्या पोरांना शिकवायला नॉबी स्टाइल्स होते, १९६६च्या वर्ल्ड कप विजेत्या इंग्लंडचे. त्यांनी पोरांना वर्ल्ड कपच्या गोष्टी सांगायच्या म्हटलं असतं तर वर्षं गेली असती.

हॅरिसनचा आरडाओरडाही मी आज नक्कल करायच्या लायकीचा मानत नाही. तेव्हा तशीच पद्धत होती. आज इथे मुलांच्या कोचची पोलीस-नोंद तपासली जाते, बालसंरक्षणाचा आणि प्रथमोपचाराचा कोर्स सक्तीचा असतो, आणि त्याला कारणं आहेत. तुम्हीही दोन्ही ठिकाणी विचारा: मुलांसोबत कोच एकटा असतो का, तक्रार कुणाकडे करायची. उत्तर देताना कोण चिडतं ते बघा.

आणखी एक विचारा: हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, किती करून घेता? हॅरिसनना २०१४मध्ये डिमेन्शियाचं निदान झालं. २०१८च्या नववर्ष सन्मानांत त्यांना एमबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला आणि १३ फेब्रुवारी २०१९ला ८१व्या वर्षी ते गेले. त्यांचा आजार हेडिंगमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण त्याच वर्षी ग्लासगोच्या अभ्यासात निघालं की माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट आहे, आणि २०२०मध्ये इथल्या एफएने (फुटबॉल संघटनेने) प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडिंग नको असं सांगितलं. तुमचा मुलगा त्याहून मोठा आहे. तरी दर सरावाला पन्नास हेडर मारायला लावणारा कोच मला चालणार नाही, मग तो देशाकडून खेळलेला का असेना.

तर करायचं काय? दोन्ही ठिकाणी न सांगता जा, एक अख्खा सराव कुंपणाबाहेरून बघा. कोचकडे बघू नका, कोच कुठे बघतोय ते बघा. बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे सगळेच बघतात. बॉल येण्याआधी मुलाने मान वळवून मागे कोण आहे ते बघितलं की नाही, हे ज्याच्या लक्षात येतं तो कामाचा. सर्वात कच्च्या मुलाला त्याने किती वेळा नावाने हाक मारली ते मोजा. सराव थांबवून तो किती मिनिटं स्वतः बोलतो, तेही घड्याळ लावून बघा. मी सुरुवातीला तासात वीस मिनिटं बोलायचो, लाज वाटते सांगायला. स्वतःच्या खेळण्याच्या दिवसांचा उल्लेख किती वेळा येतो तेही ऐका.

शेवटी एक प्रश्न थेट विचारा, दोघांनाही: ‘तुम्ही सोडलेली मुलं आता काय करतात?’ ज्याला चार नावं घेता येतील, एक बँकेत आहे, एक पीटीचा सर झालाय, एक अजून रविवारी खेळतो असं सांगता येईल, त्याच्याकडे पोराला घाला. मेहुण्यांना मी फोन करतो हवं तर.